लोक सध्या काय वाचतायत? काउंटरच्या अलीकडून एक लांबलचक उत्तर

प्रश्न असा आलाय की सध्या मराठी माणसं नक्की काय वाचतायत, वाचलेल्याबद्दल त्यांना खरंच काय वाटतं, की तीच ती आठ-दहा नावं सगळे घेत बसतात. आणि शेवटी हळूच, तुम्ही स्वतः काय वाचताय. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, नोकरीची बहुतेक वर्षं त्या काउंटरमागेच गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी सांगतो, लोकांना मत विचारण्यात काही अर्थ नाही. पुस्तक परत करताना "कसं वाटलं?" असं विचारलं की बहुतेक जण "छान आहे" म्हणतात आणि पिशवीची घडी घालायला लागतात. आमच्याकडे मत कळतं ते पुस्तक परत कसं येतं त्यावरून. आमच्याकडे कॉम्प्युटर आला, बारकोड आले, तरी मागच्या कव्हरच्या आतली तारखेची चिठ्ठी मी अजून बंद होऊ दिलेली नाही कारण त्या शिक्क्यांसारखं खरं बोलणारं दुसरं काही नाही. जे पुस्तक तीन दिवसांत परत आलं ते एकतर रात्र जागून संपवलेलं असतं नाहीतर विसाव्या पानावर सोडलेलं असतं, आणि दोन्हीपैकी काय ते लगेच कळतं, माणूस त्याच लेखकाचं दुसरं आहे का विचारतो की सरळ मासिकांच्या टेबलाकडे वळतो. दोन खंडांची कादंबरी असेल तर आणखी सोपं. पहिल्या खंडाचं बाइंडिंग दोनदा करून झालेलं आणि दुसरा खंड कोरा करकरीत, अशा जोड्या आमच्या कपाटात चिक्कार आहेत.

त्यातली एक जोडी म्हणजे श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत'. २०१८ला तुंबाड सिनेमा आला तेव्हा चालला नव्हता फारसा, पण २०२४च्या सप्टेंबरात तो परत थिएटरला लागला आणि मग जी पोरं यायला लागली विचारत! एकाने तर मागणी वहीत 'तुंबाडचे भूत' असं लिहून ठेवलंय, ते पान मी मुद्दाम जपलंय. आता त्या कादंबरीत ना सिनेमातला तो राक्षस हस्तर आहे ना सोन्याच्या मोहरा, कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट आहे ती, दोन जाडजूड खंडांत. मी आधीच सांगायचो की बाबा यात भूत नाही, तरी नेतात. आठवड्यात परत. "सर, लय कॅरेक्टर आहेत." ठीक आहे. पण त्याच गर्दीत पॉलिटेक्निकची एक मुलगी होती, तिने शनिवारी वाचनालय बंद व्हायच्या वेळेला धापा टाकत येऊन दुसरा खंड मागितला कारण रविवारी सुट्टी आणि पहिला संपलेला, आणि पुढच्या आठवड्यात पेंडशांचंच 'गारंबीचा बापू' घेऊन गेली. सिनेमामुळे आलेल्या दहातली एक अशी टिकते आणि माझ्या मते हा हिशोब अजिबात वाईट नाही, दारात तरी आली ना सगळी.

छावाचं तेच, फक्त शंभर पट. २०२५च्या फेब्रुवारीत सिनेमा आला आणि शिवाजी सावंतांची संभाजी महाराजांवरची १९७९ची कादंबरी आमच्याकडे एकदम वेटिंग लिस्टवर गेली. फाटकी, पानं पिवळी पडलेली प्रत जी मी रद्दबातल करायच्या गठ्ठ्यात काढली होती ती परत बांधून घ्यावी लागली. लोकांचं मत म्हणाल तर दोन तट आहेत. सिनेमा बघून थेट आलेले म्हणतात फार पसरट आहे, लढाई यायला वेळ लागतो, सिनेमा अडीच-पावणेतीन तासांत संपतो आणि हे महिनाभर पुरतं. आणि दुसरे, जे बहुतेक करून पन्नाशीच्या पुढचे, ते म्हणतात सिनेमात काहीच नव्हतं पुस्तकापुढे. मला स्वतःला तिसरा गट आवडतो. ही माणसं कादंबरी संपवून येतात आणि विचारतात "हे झालं, आता खरं काय घडलं ते कशात मिळेल?" त्यांना मी वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र किंवा कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' काढून देतो. बेंद्रे सगळ्यांना झेपत नाही, तळटीपा बघूनच काही जण मिटवतात. पण एक एसटी कंडक्टर आहेत, त्यांनी ते पुस्तक मुदत वाढवून वाढवून वाचलं आणि परत देताना मला म्हणाले, "कादंबरीतला राजा रडवतो, ह्यातला विचार करायला लावतो." मी तर म्हणतो याच्याहून नेमकं परीक्षण कुठल्या पुरवणीत येत नाही.

आता मृत्युंजय, सावंतांचीच कर्णावरची कादंबरी. तुमच्या प्रश्नातली जी तीच ती नावं आहेत त्यात हे पहिलं असणार. १९६७पासून हे पुस्तक मराठीत कधी थांबलेलंच नाही, आणि याला नावं ठेवणं ही सध्या शिकलेल्या वाचकांची फॅशन आहे. मी ठेवणार नाही. वर्षानुवर्षं बघतोय, ज्याने आयुष्यात कादंबरी वाचलेली नाही असा गडी, वीटभट्टीवाला असो की बारावी नापास असो, मृत्युंजय धरतो आणि संपवतो. त्याचं एक कारण मला असं वाटतं की त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने बोलतात, म्हणजे कीर्तनात किंवा वगात ऐकायची जी सवय कानाला असते तीच इथे डोळ्याला लागते. तक्रारीपण ठरलेल्या आहेत, उपमा फार, सूर्य फार वेळा उगवतो, आणि कर्णाचं सगळंच कसं बरोबर. शेवटची तक्रार आली की मी खूश होतो. कारण मग मी शेल्फवरून इरावती कर्व्यांचं 'युगान्त' काढतो. हे पण १९६७चंच पुस्तक आहे बरं का, त्याच वर्षी एकाच महाभारताकडे दोन टोकांवरून बघणारी दोन पुस्तकं मराठीत आली, आणि इरावतीबाई कर्णाला तशी काही सूट देत नाहीत. मृत्युंजय वाचून ज्याने डोळे पुसलेत त्याला युगान्तमधला कर्ण वाचताना राग येतो. यायलाच पाहिजे. आमच्याकडे दोघं मित्र यावरून काउंटरपाशी असे भांडले की मला "शांतता राखा"च्या पाटीकडे बोट दाखवावं लागलं. त्यातल्या एकाने पुढे कन्नड लेखक भैरप्पांचं महाभारतावरचंच 'पर्व' नेलं, उमा कुलकर्णींचा अनुवाद. भैरप्पा २०२५च्या सप्टेंबरात गेले तेव्हा त्यांची पुस्तकं परत फिरायला लागली होती, त्याचाच तो परिणाम.

हे एक आमच्या धंद्यातलं थोडं विचित्र सत्य आहे, लेखक गेला की त्याची मागणी येते. त्याच वर्षी मे महिन्यात शास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर गेले, जूनमध्ये जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली गेले, आणि दोघांची पुस्तकं आठवडाभर टेबलावर मांडून ठेवली होती. नारळीकरांच्या विज्ञानकथा आताच्या पोरांना कशा वाटतात हे मला बघायचं होतं. त्यांना कथा आवडल्या, पण त्याहून जास्त आवडला तो किस्सा की १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली होती. हे सांगितलं की पोरगं पुस्तक नेतंच. चितमपल्लींचं वेगळं. त्यांचं 'चकवाचांदण' नेणारे सगळे हळूहळू वाचणारे लोक असतात, निवृत्त मास्तर, फॉरेस्टमधले, एक गुराखी आहे तोही. मुदत संपून जाते, दंड भरतात, कुरकुर करत नाहीत. दंड भरून ठेवून घेतलेलं पुस्तक म्हणजे आमच्याकडची पंचतारांकित पसंती.

आता तरुण पोरांचं. आमच्याकडे वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, एमपीएससीची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत असतात, त्यांचा आणि खालच्या पुस्तकांचा संबंध कमी येतो असं बाहेरून वाटतं. तसं नाहीये. रात्री नऊच्या सुमाराला खाली येतात, डोकं जड झालेलं असतं, तेव्हा काहीतरी नेतात. विश्वास नांगरे पाटलांचं 'मन में है विश्वास' हे ठरलेलं, बहुतेकांनी वाचलेलं. बाकी मग ते इकिगाई, अॅटॉमिक हॅबिट्स, रिच डॅड पुअर डॅड यांचे मराठी अनुवाद. यांच्याबद्दल माझं मत विचाराल तर अर्धी पुस्तकं मला एका लेखात मावतील अशी वाटतात, पण मी ती घेणं बंद करत नाही. लोक कसे वाचतात ते मात्र गमतीदार आहे. पेन्सिलीच्या रेघा सुरुवातीच्या चाळीसेक पानांत दाट, मग विरळ, मग नाहीतच. एका प्रतीत अर्ध्यावर एक कागद सापडला, त्यावर 'उद्यापासून पहाटे ५' असं लिहून तीनदा तारीख खोडून बदललेली. मी तो कागद तिथेच राहू दिला, पुढच्याला कंपनी.

पण त्याच पोरांमधली काही आता देविदास सौदागरांची 'उसवण' मागतायत. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला तिला, लेखक तुळजापूरचे आणि स्वतः शिलाईकाम केलेले, आणि कादंबरीतला टेलरपण रेडिमेड कपड्यांनी धंदा बसलेला. छोटी आहे, दोन बैठकीत होते, आणि अभ्यासिकेतल्या पोराला ती का भिडते हे सांगायची गरज नाही, बापाचा धंदा बसलाय म्हणून तर ते पोरगं वर बसलंय. परत देताना कुणी "छान आहे" म्हणालं नाही. एकजण म्हणाला "घरच्यासारखं आहे, परत वाचणार नाही." हेही मतच, आणि मला विचाराल तर मोठं.

वपु, म्हणजे व. पु. काळे? हो, अजून. इन्स्टावर त्यांची वाक्यं फिरतात, खाली फुलांचा फोटो आणि मागे बासरी, आणि मग मुलं-मुली येतात 'वपुर्झा' विचारत. घरी न नेता इथेच उभ्या उभ्या पानांचे फोटो काढतात. आमच्या प्रतीत तीन-चार रंगांच्या पेनांनी अधोरेखितं झालीत, खरं तर गुन्हा आहे हा, पण एका ठिकाणी प्रेमाबद्दलच्या ओळीपुढे निळ्या पेनने कुणीतरी 'खोटं' लिहिलंय आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात 'लग्न झालं नाही वाटतं'. त्याच्याखाली पेन्सिलीने आणखी कुणीतरी 'झालंय म्हणूनच'. ती प्रत मी बदलणार नाही. वपुंना हलकं म्हणणारे बरेच आहेत, असूदेत. सध्याच्या मुलांना ते आवडतात कारण ते कुठूनही उघडता येतात, फोनची सवय झालेल्या डोक्याला सलग शंभर पानं जड जातात आणि वपुर्झा तसं मागतच नाही काही.

दुपारी दोन ते चारची वेळ बायकांची. हा वाचकवर्ग कुठल्या चर्चेत दिसत नाही, पण आमच्या वाचनालयाचा खरा कणा तो आहे. सुधा मूर्तींची लीना सोहोनींनी मराठीत आणलेली पुस्तकं सतत फिरत असतात. पण आत्मचरित्रं त्याच्यावर. 'स्मृतिचित्रे' नेलेली एकही बाई मी अजून नाराज झालेली बघितली नाही, लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळ्याचं, नवऱ्याच्या रागाचं जे लिहिलंय ते आजही वाचून या हसत येतात आणि मग एकदम गप्प होऊन सासूचं काहीतरी सांगायला लागतात. आणि भांडण लावायचं असेल तर पु. ल. देशपांड्यांच्या पत्नी सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी'. १९९०चं पुस्तक, आता पुलं जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी आमच्याकडे दर वर्षी यावरून कुणीतरी वाद घालतंच. एक बाजू म्हणते एवढ्या मोठ्या माणसाचं घरातलं असं चव्हाट्यावर कशाला. दुसरी म्हणते अजून बरंच गिळलंय तिने. यात एक बदल मी बघितलाय, पूर्वी पहिली बाजू मोठी होती, आता दुसरी आहे, आणि ज्या बायका तेव्हा तिकडून भांडल्या त्यातल्याच काही आज इकडून भांडतात. पुस्तक तेच, शब्द न शब्द तोच. यानंतर मी ऊर्मिला पवारांचं 'आयदान', एका दलित बाईचं आत्मचरित्र, पुढे करतो. काहीजणी नेतात, काहीजणी चाळून ठेवतात आणि का ठेवलं ते सांगत नाहीत. मी विचारत नाही, पण पुढच्या वेळी परत पुढे करतो.

आता ज्यासाठी मी खरं एवढं लिहायला बसलो ते. आमचा जिल्हा धरणांचा, कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, आणि त्यामुळे सभासदांमध्ये धरणग्रस्त घरातली माणसं पुष्कळ. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ची, धरणाने उठवलेल्या माणसांवरची, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेली. एरवी लोक पाटील म्हटलं की 'पानिपत' मागतात. पण ९९व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि संमेलन आमच्या साताऱ्यात, त्यामुळे गावात त्यांचं नाव झालं आणि ज्यांनी कधी वाचनालयाची पायरी चढली नव्हती अशी एक-दोन माणसं आली, "ते आमच्यावर लिहिलेलं पुस्तक द्या" म्हणून. एक आजोबा आहेत, मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली, त्यांना नातू वाचून दाखवायचा. त्यांचं मत फार वेगळं निघालं. म्हणाले, "ह्यो माणूस आमच्या बाजूनं बोलतोय ते कळतं, पण मोर्चे लय आहेत. आमचं तर निम्मं आयुष्य मामलेदार कचेरीच्या पायरीवर बसून गेलं, कंटाळा जास्त होता, लढाई कमी." बघा. समीक्षक या कादंबरीबद्दल जे काही म्हणाले असतील ते असूद्या, कंटाळ्याची बाजू मी तरी कुणाकडून ऐकली नव्हती.

मग मी त्यांना कृष्णात खोतांचं 'रिंगाण' दिलं. हे २०२३चं अकादमीवालं, बारीकसं पुस्तक. गाव उठलंय, माणसं दुसरीकडे नेऊन टाकलीत, आणि देवाप्पा म्हणून एकजण मागे जंगलात राहिलेली म्हैस परत आणायला जातो. म्हैस तोवर रानटी झालेली. बस एवढंच, पण ते एवढंच नाही. भाषा कोल्हापूरकडची, शहरातल्या वाचकाला पहिली काही पानं अडखळायला होतं, आमच्या एका प्राध्यापकांनी 'बोली फार' म्हणून परत केलं होतं. आजोबांचं कुठे अडलं नाही. नातवाचंच अडायचं, आणि आजोबा त्याला शब्द सांगायचे, म्हणजे वाचून कोण कुणाला दाखवतंय तेच उलटं झालं. पुस्तक दिलेल्या मुदतीच्या आधी आलं. मी "कसं वाटलं" विचारलं नाही, त्यांनीच काउंटरवर पुस्तक ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि म्हशीबद्दल बोलायला लागले. सोडलेलं जनावर पहिल्या पावसापर्यंत जुन्या गोठ्याच्या जागी येऊन उभं राहतं म्हणे, नंतर नाही येत. त्यांच्याकडची पण एक राहिली होती. नाव सांगितलं त्यांनी तिचं. लेखक कुठला, त्याचं कोण पाण्यात गेलं होतं, असं सगळं विचारत होते, आणि मला काही पूर्ण सांगता येईना. मागे पाचजण रांगेत उभे होते पण कुणी घाई केली नाही.

म्हणून जेव्हा लोक म्हणतात की पुरस्कारवाली पुस्तकं कुणी वाचत नाही, तेव्हा मी म्हणतो अर्धं खरं आहे. बहुतेक पुरस्कारवाली पुस्तकं आमच्याकडे पहिल्या महिन्यात दोन-तीनदा जातात आणि मग बसून राहतात, यादीत नाव आलं म्हणून नेतात आणि तारखेच्या चिठ्ठीवर पुढे काही उमटत नाही. चूक पुस्तकाची नसते. ते योग्य माणसाच्या हातात गेलेलं नसतं. नेमाड्यांची 'कोसला' घ्या, १९६३ची. चाळिशीतल्या माणसाने पहिल्यांदा वाचली तर "हे काय रडगाणं" म्हणतो, आणि तीच एकोणीस वर्षांच्या पोराला, जो पुण्याला हॉस्टेलवर राहून वैतागून सुट्टीत घरी आलाय, त्याला दिली की तो ती परतच करत नाही. खरंच करत नाही. आमच्या दोन प्रती अशा गेल्यात.

पीडीएफचं विचाराल म्हणून सांगतो. व्हॉट्सॲपवर ढिगाने फिरतात, लेखकाला फुटकी कवडी मिळत नाही, आणि एवढं करून ती कुणी वाचतपण नाही. "माझ्याकडे चारशे पुस्तकं आहेत फोनमध्ये" म्हणणारा माणूस मी अजून वाचणारा बघितलेला नाही. ऑडिओचं तसं नाही. ऑडिओबुक खरंच ऐकली जातात, भाकऱ्या थापताना, ट्रॅक्टर चालवताना, आणि भयकथा तर सगळ्यात जास्त, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी कानाने ऐकून मग छापील शोधत येणारे आहेत. मतकरी मिळतात, धारपांच्या जुन्या प्रती मात्र आमच्याकडून कधीच चोरीला गेल्यात, ते पण एक मत समजा.

मुलांचं थोडक्यात. पालक येतात, "इंग्लिश मीडियमला आहे, मराठी वाचत नाही, काहीतरी द्या." आणि स्वतः लहानपणी वाचलेलं फास्टर फेणे उचलतात. आताच्या तिसरीतल्या मुलाला ते जड जातं, जोडाक्षरावर अडलं की पोर पुस्तक टाकतं. त्याला माधुरी पुरंदऱ्यांची 'यश'ची किंवा 'राधाचं घर'मधली पुस्तकं द्या, चित्रं मोठी, वाक्यं घरात बोलतो तशी. मग 'किशोर'चे अंक, बालभारतीचं मासिक आहे, १९७१पासूनचं, जुने अंक नेटवर पण बघायला मिळतात. फास्टर फेणे नंतर आपोआप येतो.

आणि दिवाळी अंक. १९०९च्या 'मनोरंजन'पासूनची ही आपली परंपरा, अजून दर दिवाळीला आमच्याकडे योजना लागते, एकदा पैसे भरायचे आणि पुढे दोन-तीन महिने अंक बदलत राहायचं. सगळे नाव घेतात 'मौज' अंकाचं, पण पहिली झुंबड उडते ती विनोदी आणि भविष्याच्या अंकांवर. शिमग्यापर्यंत निम्म्या अंकांमधलं आपापल्या राशीचं पान गायब. कन्या रास सगळ्यात जास्त फाडते, का ते मला विचारू नका.

मी स्वतः सध्या रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' वाचतोय. एका मराठा घराण्याचा सातशे वर्षांचा पट आहे, दांडगं पुस्तक, झोपून वाचलं तर छातीवर वजन पडतं. मध्ये काही ठिकाणी लेखक इतिहास सांगायच्या नादात गोष्ट बाजूला ठेवतात आणि मी पानं उलटली, खोटं कशाला बोलू. पण जिथे ते बायकांच्या बाजूने घराण्याकडे बघायला लागतात तिथे पुस्तक असं काही उठतं की मी दोन दिवस बायकोशी फक्त त्यावरच बोलत होतो, तिने शेवटी टीव्ही लावला. सोबतीला व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर', वानरांच्या टोळ्यांवरचं, एका संध्याकाळचं पुस्तक आहे, मी ते दर निवडणुकीला काढतो.

तुम्ही प्रश्नात तुमचं वय, आवड काहीच लिहिलेलं नाही त्यामुळे नेमकं काय वाचा ते सांगणं अवघड आहे. पण महाभारत आवडत असेल तर मृत्युंजय आणि युगान्त एकापाठोपाठ एक, याच क्रमाने, उलटे नको. गावाकडचे असाल किंवा कधी होता तर रिंगाण, आणि पहिल्या वीस पानांत सोडू नका. काहीच सुचत नसेल तर स्मृतिचित्रे. जवळच्या वाचनालयात ही नसतील तर तिथल्या मागणी वहीत लिहा, नाव आणि प्रकाशन दोन्ही नीट लिहा, बहुतेक ठिकाणी ग्रंथखरेदी मार्चच्या आत उरकायची असते त्यामुळे दिवाळी झाली की लगेच लिहिलेलं बरं. मार्चमध्ये येऊन सांगितलंत तर ग्रंथपाल हो हो म्हणेल आणि पुढच्या वर्षावर ढकलेल, मी पण तेच करतो.